पाइप म्हणजे टीपॉय नव्हे

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. ‘आजोबांचा तंबाखू ओढायचा जुना लाकडी पाइप फेकू नका. आतली काजळी चाकूनं पार खरवडा, सगळीकडून काचकागद मारा, फर्निचरचा वुड स्टेन लावा, वरून-आतून मेलामाइन पॉलिशचे दोन हात द्या, तोंडात धरायची नळी उकळत्या पाण्यात टाका. अर्ध्या तासात नवा!’ मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत लाकडाला पॉलिश करतो. टीपॉयला यातलं बरंचसं चालेल. पाइपला नाही.

सगळ्यात वाईट शब्द ‘आतून’. पाइपाच्या वाटीत निखारा असतो राव. तिथं मेलामाइन जळणार आणि त्याचा धूर ओढणाऱ्याच्या तोंडात जाणार. तंबाखूचा धूर कमी घातक आहे म्हणून वर हा? वाटीत रंग नको, वॉर्निश नको. बाहेरून रंग लावतानाही आत कापसाचा बोळा कोंबून ठेवायचा. बाहेरून काही कारखानेही लॅकर मारतात, हे खरं. पण तापून तापून त्याला फोड आले की पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा कार्नोबा, म्हणजे एका ताडाच्या पानांवरचं मेण बरं. ते 82 अंशांच्या पुढं वितळतं. मधमाशीचं मेण 62–64 लाच पातळ होतं, मग गरम पाइप हाताला चिकटतो. कार्नोबा मात्र कडक. नुसत्या फडक्यानं पसरत नाही, बफचं, म्हणजे चमक आणायचं कापडी चाक लागतं. हुपरीच्या चांदीवाल्यांकडं असतं तसलं, पण त्यांचं वापरलेलं मागून आणू नका, त्यात चांदी घासायचा मसाला मुरलेला असतो. कोरं घ्या.

आता स्टेन. चांगले पाइप बहुधा ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ धरते, ती तासन्‌तास उकळून, महिनोन्‌महिने वाळवून हे लाकूड तयार होतं. फार घट्ट. फर्निचरच्या स्टेनमधली रंगाची भुकटी त्यात शिरतच नाही, वर बसते आणि रेषा झाकून टाकते. पाइपाचं सगळं देखणेपण तर त्या रेषांत! म्हणून पाइपवाले स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग घेतात, पुष्कळदा चक्क चामड्याचा. चपलांच्या गावात हे ऐकून कुणी दचकू नये. फक्त बुटाचं पॉलिश उचलू नका, ती वेगळी वस्तू. आधी काळा किंवा गडद तपकिरी हात द्यायचा. मऊ रेषा तो जास्त पितात, कडक भाग कमी. वाळला की बारीक कागदानं वरचा रंग उतरवायचा, रेषांतला राहतो. मग त्यावर लालसर किंवा फिका तपकिरी. अर्ध्या तासात कसलं होतंय!

कागदाचं म्हणाल तर दांड्यावरचा कंपनीचा छाप सोडून घासा. एकदा गेला की परत येत नाही.

काजळीही पार काढायची नाही. साधारण एक मिलिमीटरचा थर लाकडाला जळण्यापासून वाचवतो. फार जाड झाला तर तापल्यावर फुगून वाटी तडकवतो, तेवढाच वाढीव काढायचा. तोही चाकूच्या टोकानं नाही.

राहिलं उकळतं पाणी. हे मी स्वतः करून बसलोय. आजोबांच्या पाइपाची नळी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, छान बाकदार. गरम पाण्यात टाकली आणि बघता बघता ती सरळ झाली. असली नळी मुळात सरळच घडवतात, तापवून वाकवतात. पुन्हा तापली की तिला मूळचा आकार आठवतो. कुत्र्याचं शेपूट नळीत घालून सरळ होत नाही म्हणतात, इथं नळीच सरळ झाली! वर काळी चमक जाऊन हिरवट-तपकिरी कळा आली ती वेगळीच.

ती कळा 400 नंबरपासून 2000 पर्यंतच्या पाणकागदानं घासून काढली. बाक मंद आचेवर परत दिला आणि लगेच गार पाण्यात धरला. पण तो जरा डावीकडं गेलाय. आजी रोज बघते आणि काही बोलत नाही.