मॅरिअ‍ॅनचं गाणं आणि ताई, तुमचा राग

ताई नमस्कार, एवढं सविस्तर आणि मनापासून लिहिलंत त्याबद्दल थँक्स. उत्तर लांबणार आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी कॅनडाच्या कवी-गायक लेनर्ड कोहेनवर भाळून लिहिलंय, हा माणूस जन्मभर प्रेमावर गाणी लिहीत राहिला पण टिकला कुठेच नाही, मॅरिअ‍ॅन या प्रेयसीला सोडलं आणि तिच्याच नावाच्या 'सो लाँग, मॅरिअ‍ॅन' या गाण्यावर मोठा झाला, बाकी गाणी रडकी, आवाज घोगरा, आणि मराठी वाचकाने हे का ऐकायचं.

मॅरिअ‍ॅनचं आधी घेते, कारण तुमचा खरा राग तिथे आहे आणि तो मला कळतो. १९६० मध्ये ग्रीसच्या हायड्रा बेटावर दोघं भेटले, तिचं पहिलं लग्न मोडत होतं, पदरात लहान मूल, मग काही वर्षं एकत्र काढली, त्यातही तो सारखा मॉन्ट्रियल नाहीतर न्यूयॉर्कला, आणि ते नातं हळूहळू सुटत गेलं. तिला याचा त्रास झाला नसेल असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण गाणं नीट ऐका ना. निरोपाच्या गाण्यात माणूस सहसा स्वतःची बाजू मांडतो, तू अशी वागलीस म्हणून मी गेलो वगैरे. इथे तो आपल्यात तेवढं धाडस नव्हतं हे तिच्यासमोरच मान्य करतो, आणि ध्रुवपदात निरोप घेता घेता परत एकदा सगळ्यावर हसूया रडूया म्हणतो, म्हणजे जातोय पण हात सोडवत नाहीये. हे जबाबदारी टाळणं असेलही, पण त्याने ते गोड करून विकलं हे मला मान्य नाही. आणि २०१६ च्या जुलैमध्ये ती ऑस्लोला शेवटच्या आजारात होती, एका मित्राने त्याला कळवलं, तर त्याने लगेच पत्र लिहिलं की मीही तुझ्या मागोमागच आहे, हात पुढे केलास तर माझ्या हाताला लागेल इतका जवळ. ती गेली, आणि त्याच नोव्हेंबरात तोही. पन्नास वर्षांनंतर असं पत्र जातं आणि पोचतं, त्या नात्याला नुसतं 'सोडलं' म्हणून कसं मिटवायचं?

रडकी म्हणालात त्याबद्दल एकच उदाहरण देते. त्याचं 'डान्स मी टू द एंड ऑफ लव्ह' (१९८४) लोक लग्नात वाजवतात. त्याची सुरुवात कुठे झाली हे त्याने स्वतः सांगितलंय, नाझी छळछावण्यांमध्ये कैद्यांनाच व्हायोलिन वाजवायला लावायचे आणि शेजारी भट्ट्या पेटलेल्या असायच्या, त्या चित्रातून. आणि तरी ते लग्नात वाजवणारेही चुकीचे नाहीत, कारण शेवट माहीत असूनही नाचायला बोलावणं हे त्या गाण्यात खरंच आहे. दुःख आहे म्हणून रडकं, असं नसतं हो.

मराठी वाचकाचं म्हणाल तर १९९९ मध्ये हा माणूस कॅलिफोर्नियातल्या झेन मठातली काही वर्षं मागे टाकून मुंबईला आला, केम्प्स कॉर्नरला एका साध्या हॉटेलात राहिला आणि रोज रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला जायचा. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त साहेब, आणि खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य, महाराज मराठीत बोलायचे आणि बाळसेकर परदेशी लोकांना ते इंग्रजीत सांगायचे. आयुष्यभराचं डिप्रेशन त्याच सुमारास ओसरायला लागलं असं कोहेनने पुढे मुलाखतींमध्ये सांगितलंय, आणि २००१ ला 'टेन न्यू साँग्ज' आला. त्या अल्बममध्ये सगळं आपल्याच हातात आहे हा हट्ट सुटलेला ऐकू येतो, निदान मला तरी येतो. आपल्या गिरगावाजवळच्या माळ्यावर बसून कोणी मराठीत जे बोललं ते फिरून फिरून तिथे पोचलं असेल, याचं मला फार अप्रूप आहे.

राहता राहिला आवाज. पहिला अल्बम १९६७ चा, तेव्हा तो ३३ वर्षांचा, आवाज पातळ, थोडा नाकातला. पुढे त्याचे साठवलेले पैसे मॅनेजरने संपवल्याचं लक्षात आलं आणि २००८ ला वयाच्या ७३ व्या वर्षी तो परत टूरवर निघाला, डोक्यावर हॅट, तीन-तीन तासांचे शो, मधेच गुडघ्यावर बसून गायचा. त्या वर्षीचं लंडनचं रेकॉर्डिंग मिळतं, त्यातही मॅरिअ‍ॅनचं गाणं आहे. तरुण आवाजात तो निरोप म्हणजे घाईने उचललेली बॅग वाटते, ७३ व्या वर्षी तेच शब्द, तीच चाल, पण आता तो कुठेच निघालेला नाहीये, ज्याला आयुष्यभर जाता आलं नाही असा माणूस गातोय. हा फरक गोड गळ्याने आला नसता, तो घोगरा आवाजच लागतो.

दोन्ही एकापाठोपाठ ऐका, आधी ६७ चं आणि मग लंडनचं. नंतरही राग तसाच राहिला तर परत लिहा, मला वाचायचंय.