१३१ पैकी ७४ दिवस नाशिक जिल्ह्यातच गेले

धोंड्याचा महिना होता. १३ ऑगस्ट २०२३, रविवार. आम्ही दोघं जेवायला माहेरी, निफाड तालुक्यात गेलो होतो. आईने पुरणपोळी केली होती, अनारसे होते आणि अण्णांसाठी नेहमीप्रमाणे हिरव्या मिरचीचा ठेचा. अण्णांनी ठेच्याची वाटी हळूच बाजूला सरकवली आणि पोळी दुधात कुस्करून खाल्ली. ठेच्याशिवाय घास न उतरणारा माणूस! विचारलं तर म्हणाले, "दाढ लागतीये गालाला. होईल बरं." अण्णा चाळीस वर्षं तंबाखू-चुना लावत होते. डाव्या गालात, कायम त्याच जागी.

त्यांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २२ डिसेंबरला झालं. मधले दिवस मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलेत. १३१.

हे आत्ता लिहिते आहे ते राज्य सरकारच्या कॅन्सर धोरणामुळे. ३० सप्टेंबर २०२५ ला मंत्रिमंडळाने ते मंजूर केलं. राज्यातल्या १८ रुग्णालयांत तीन स्तरांवर उपचार, त्यासाठी 'महाकेअर' नावाची वेगळी कंपनी आणि सुरुवातीला १०० कोटींचा निधी. सगळ्यात वरच्या स्तरावर मुंबईचं टाटा मेमोरियल, आणि दुसऱ्या स्तरावरच्या रुग्णालयांत आपलं नाशिकमधलं शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. ज्यांनी आपल्या माणसाला धरून मुंबईला उपचारासाठी जायला पहाटे नाशिकरोड स्टेशन गाठलंय, त्यांना यात काय आहे ते समजावून सांगावं लागत नाही. पंचवटी एक्सप्रेसच्या सेकंड क्लासला कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या माणसाला तिकिटात ७५ टक्के सवलत असते, हे आम्हाला तिसऱ्या फेरीला एका अनोळखी बाईंनी सांगितलं. कुणाला माहीत नसेल तर माहीत असू द्या. रुग्णालयातून त्याचा फॉर्म भरून घ्यावा लागतो.

पण धोरण वाचताना माझं मन सारखं त्या १३१ दिवसांकडे जात होतं.

पहिले ४० दिवस गावात गेले. आधी मेडिकलवाल्याने लावायला जेल दिलं. मग गावातल्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. मग तालुक्याला दाताच्या डॉक्टरांनी दाढेचं टोक घासून दिलं आणि आठ दिवसांनी या म्हणाले. यातल्या कुणीही वाईट हेतूने काही केलं नाही. पण दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला फोड, त्यात तंबाखू खाणारा माणूस, म्हणजे तुकडा तपासायला पाठवायचाच, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही.

२२ सप्टेंबरला नाशिकमध्ये कान-नाक-घसा तज्ज्ञांनी बॅटरी मारून पाहिलं आणि लगेच बायोप्सी, म्हणजे फोडाचा तुकडा काढून तपासणं, सांगितली. तिथून अहवाल हातात यायला २६ ऑक्टोबर उजाडला. ३४ दिवस. बायोप्सीची तारीख मिळायला आठवडा. मग कळलं की पहिला तुकडा अपुरा होता, परत काढावा लागेल. मग तुकडा बाहेर तपासायला जातो, तिकडून यायला वेळ लागतो. मी रोज फोन करायचे. पलीकडचा मुलगा रोज नम्रपणे सांगायचा, "ताई, अजून आला नाही." हे काम मुळात किती दिवसांचं असतं, ते मी नंतर एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीला विचारलं. तुकडा औषधात भिजवायचा, मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. चार-पाच दिवसांत होतं, म्हणाली. फक्त बघणारं माणूस जागेवर असायला हवं.

पुढचे ५७ दिवस मुंबईत, टाटामध्ये. तिथे सांगितलं, नुसता अहवाल चालत नाही, स्लाइड आणि ब्लॉक आणा. ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी चौकोनी वडी, तिच्यात अण्णांच्या गालाचा तुकडा. मी ती स्टीलच्या डब्यात कापूस घालून मांडीवर घेऊन गेले. कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत डब्यावरचा हात काढला नाही. तिथल्या रांगेबद्दल माझी तक्रार नाही. सगळा महाराष्ट्र आणि अर्धा देश एका दारात उभा राहिला तर रांग लागणारच.

४०, ३४ आणि ५७. नवं धोरण नीट अमलात आलं तर शेवटचे ५७ खूप कमी होतील, कारण ऑपरेशन, किमो, रेडिएशन शालिमारलाच मिळेल. पण आधीचे ७४ दिवस? ते मुंबईमुळे गेले नाहीत, नवं मशीन नव्हतं म्हणूनही गेले नाहीत. ते निफाड ते नाशिक या चाळीसेक किलोमीटरमध्ये गेले. आणि गाठ वाढली ती याच दिवसांत. तोंडाचा कॅन्सर लहान असताना काढला तर पुष्कळदा ऑपरेशनवर भागतं. अण्णांचा जबड्याचा भाग काढावा लागला, वर रेडिएशनच्या ३० बैठका.

तपासणीची सोय कागदावर आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, स्तनात गाठ आहे का, असे प्रश्न त्यात आहेत. तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख या तीन कॅन्सरची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या ज्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली होती त्या होत्या १.९ टक्के. तोंडाची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. शंभरात एकही नाही!

हे न जमण्यासारखं मुळीच नाही. टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. ज्या गटाची तपासणी केली, तिथे प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) लावून गर्भाशयमुख तपासलं. त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या एएनएम ताई, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिका, हे करू शकतात. मात्र तपासणीत शंका आलेल्या बाईचा तुकडा कुठे जाणार, अहवाल किती दिवसांत येणार आणि तो तिच्या हातात कोण देणार, हे ठरलेलं नसेल तर ती तपासणी अर्ध्यावरच राहते.

मुंबईत अण्णांच्या रेडिएशनच्या वेळी आम्ही राहायचो त्या धर्मशाळेत, आमच्या शेजारच्या खोलीत सुरगाण्याकडची एक बाई होती. पस्तिशीची असेल. गर्भाशयमुखाचा कॅन्सर. फेब्रुवारी २०२४. अण्णा फोनवरून भावाला द्राक्षाच्या गाडीचं वजन विचारत बसायचे आणि ती शेजारी बसून ऐकायची. तिची मोठी मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळत होती. अकराव्या बैठकीनंतर एका सकाळी तिची पिशवी भरलेली दिसली. "ताई, जाऊन येते चार दिवस." रेडिएशन मध्येच थांबवलं तर कॅन्सर परत उचल खातो, हे तिला सांगितलं होतं, मीही सांगितलं. ती परत आली नाही, निदान आम्ही होतो तोवर तरी. तिला फोन करून "कधी येतेस?" विचारणं हे कुणाचंच काम नव्हतं. सरकारी महात्मा फुले आरोग्य योजनेचा कागद पुरा करायला रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. पेशंट उपचार पुरा करतो का हे बघणारा कुणी नसतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार मोफत झाले, २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात किमोचं डे-केअर केंद्र जाहीर झालं, हे सगळं हवंच आहे. पण नाशिकपुरतं एक बंधन सरकारने स्वतःवर घालून घ्यावं: शंका आल्यापासून बायोप्सीचा अहवाल १५ दिवसांत, आणि अहवालापासून उपचार सुरू व्हायला ३० दिवस. दर महिन्याला किती जणांच्या बाबतीत हे पाळलं गेलं तो आकडा संदर्भ रुग्णालयाच्या दारात फळ्यावर लिहावा. त्यासाठी पॅथॉलॉजिस्टची पदं आधी भरा, रेडिएशनच्या मशीनची खोली नंतर बांधली तरी चालेल. खोली बांधाल तेव्हा पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येणाऱ्यांसाठी राहायची जागाही बांधा. सहा आठवडे रोज येऊन-जाऊन करणं त्यांना शक्य नाही, आणि लेकरांना सोबत आणता आलं तर कदाचित बाई थांबेल.

वेळेत कामं होत नाहीत असं कुणी म्हणू नये. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट यांची कामं तारीख धरून चालली आहेत, आपण रोज बघतोय. पर्वणीची तारीख पुढे ढकलता येत नाही हे प्रशासनाला नीट कळतं. गालातल्या गाठीचंही तसंच असतं.

अण्णा आता बरे आहेत. बोलणं पूर्ण कळत नाही, आई कळून घेते. भाजी मिक्सरमधून काढून खातात. तंबाखू सुटली.

नाशिक जिल्ह्यात ज्यांच्या घरी कॅन्सरचा पेशंट आहे किंवा होता, त्यांनी कमेंटमध्ये फक्त तीन तारखा लिहा: पहिली शंका आली ती, अहवाल हातात आला ती आणि पहिला उपचार झाला ती. नाव, रुग्णालय काही लिहू नका. महिनाअखेर मी सगळ्या तारखा एका कागदावर मांडून जिल्हा शल्यचिकित्सकांना नेऊन देणार आहे. आमच्या तारखा: १३ ऑगस्ट, २६ ऑक्टोबर, २२ डिसेंबर.