अडकलेल्या स्क्रूबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

'एक नेमबाज पालक' या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते, म्हणजे बाकीच्या वाचकांना संदर्भ लागेल:

"ताई, स्वयंपाकघरातले प्रयोग रायफलीवर करू नका. सोल्डरिंगची उष्णता दिली की ॲल्युमिनियमची ताकद जाते. डब्ल्यूडी-४० मारा, रात्रभर ठेवा, सकाळी स्क्रू निघतो, कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. नाहीतर सरळ आर्मररकडे पाठवा. तुमचं वाचून एखादं पोरगं सिलिंडर फोडून घेईल."

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: मुलीसाठी घेतलेल्या वापरलेल्या १० मीटर एअर रायफलीचा (ही सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालते) चीकपीस, म्हणजे जिथे गाल टेकतो तो भाग, जाम झाला होता. तो धरून ठेवणारा एम-६ चा स्क्रू पोलादी, आणि ज्यात तो बसतो तो स्टॉक, म्हणजे रायफलीचा दस्ता, ॲल्युमिनियमचा. मुलगी वर्षात एवढी वाढली की मागच्या साइटच्या रेषेत डोळा येईना, ती मान वाकडी करून नेम धरायला लागली. स्क्रू काढणं भाग होतं. तो घरी कसा काढला, ते मी लिहिलं.

आता तुमचं पहिलं वाक्य. लेखात स्वयंपाकघरातली एकही वस्तू नाही. सोल्डरिंग आयर्न, ॲलन की, पंच, लहान हातोडी, सुई आणि तेलाचा एक थेंब, एवढंच सामान आहे. हीच यादी एखाद्या पुरुषाने लिहिली असती तर तुम्हाला वर्कशॉप दिसलं असतं. माझं नाव बघून स्वयंपाकघर दिसलं. चूक दाखवायची होती तर पायरी सांगायची, 'अमुक ठिकाणी असं करू नका' म्हणायचं. ते मी आनंदाने वाचलं असतं. याआधी कितीतरी पालकांनी इथे माझ्याशी वाद घातले आहेत, त्यांतल्या कुणालाही माझं स्वयंपाकघर मध्ये आणावं लागलं नाही.

मी कुठून आले तेही सांगते, कारण तुम्ही ते गृहीतच धरलंय. इचलकरंजीत माझ्या वडिलांचं यंत्रमागाच्या पार्टचं वर्कशॉप होतं. मागाचे बोल्ट गंजतात, कापसाची धूळ आणि तेल मिळून त्यांच्यावर जी पुटं बसतात ती दगडासारखी होतात. शाळेतून आलं की असे बोल्ट सोडवायला मी वडिलांच्या हाताखाली बसायचे. पाना पूर्ण बसल्याशिवाय जोर लावायचा नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लग्नाआधी आणि नंतरही एमआयडीसीत मेंटेनन्सला काम केलं. तिथेही पहिल्या दिवशी मला कँटीनचा रस्ता विचारण्यात आला होता. तेव्हा गप्प बसले, आता बसत नाही. 'ताई' म्हणण्याला माझी हरकत नाही, कोल्हापूर-इचलकरंजीकडे आम्ही सगळ्यांनाच ताई-दादा म्हणतो. पण त्या 'ताई'च्या पुढे जे आलं ते बहिणीला सांगण्याच्या सुरात नव्हतं.

आता गॅरेजवाल्याबद्दल. गॅरेजवाल्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्यासमोर येणारा नट बहुतेक वेळा लोखंडात बसलेलं लोखंड असतो. इथे पोलाद ॲल्युमिनियममध्ये बसलंय. दोन वेगळे धातू, मध्ये गालाचा खारट घाम आणि आमच्या रत्नागिरीची दमट हवा. अशा जोडीत ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचं पांढरं ऑक्साइड आट्यांमध्ये फुगून बसतं. मूळ धातूपेक्षा ते जास्त जागा घेतं, म्हणून स्क्रू आवळला जातो. नुसतं तेल त्या भुकटीत शिरायला वाटच नसते. आधी तिला तडा जावा लागतो.

उष्णता त्यासाठी. एका अंशाला पोलाद मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन प्रसरण पावतं, ॲल्युमिनियम साधारण २३, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं की आधी स्क्रू फुगून भुकटीवर दाब देतो. मग उष्णता बाजूला पसरते आणि भोक स्क्रूपेक्षा जास्त मोकळं होतं. थंड होताना पुन्हा उलट हालचाल होते, आणि त्याच वेळी सुईच्या टोकाने सोडलेला तेलाचा थेंब आत ओढला जातो. हे दोन-तीनदा केलं, पंचाने डोक्यावर हलके ठोके दिले, स्क्रू आधी केसभर आवळला आणि मग सोडवला. निघाला. आटे शाबूत राहिले. सांगणाऱ्या गॅरेजवाल्याने एवढं कारणासकट सांगितलं असेल तर मला जरूर कळवा.

आणि डब्ल्यूडी-४० 'मारा' हे तुमचं जे आहे ना, ते मात्र मी कुठल्याही पालकाला सांगणार नाही. १९५३ साली हे द्रव्य धातूवरचं पाणी हटवायला, गंज टाळायला बनवलं गेलं. अडकलेल्या आट्यांतही त्याचा काही उपयोग होतो, नाही म्हणत नाही. पण फवारा मारला की ते फक्त स्क्रूवर राहत नाही. पातळ तेल ओघळत जातं, ट्रिगरच्या यंत्रणेत शिरतं, त्यावर धूळ चिकटते, आणि काही महिन्यांनी मूल म्हणतं ट्रिगर बदलल्यासारखा वाटतो. त्याहून वाईट म्हणजे ते हवेच्या वाटेवर पोचणं. या रायफलींचे सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. एवढ्या दाबाची हवा एकदम सुटते तिथे खनिज तेलाची वाफ असली तर ती दाबानेच पेटू शकते, डिझेल इंजिनात पेटते तशी. म्हणूनच मी सुई आणि एक थेंब लिहिलं होतं. मुलांच्या सुरक्षेचा मुद्दा तुम्ही माझ्यावर टाकलात, आणि तुमच्या स्वतःच्या सल्ल्यात फवारा आहे. हे मला खरोखर खटकलं.

सिलिंडरचं म्हणाल तर लेखातली पहिलीच पायरी ती आहे: छर्रा नाही याची खात्री करा, रायफलीचा बोल्ट उघडा, नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, घाला, सिलिंडर काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. ते वाचलं असतं तर शेवटचं वाक्य लिहिलं नसतं. एक गोष्ट मान्य करते. दुसऱ्या फोटोत टेबलाच्या कडेला सिलिंडर दिसतो. तो फोटो काम सुरू करण्याआधीचा होता, पण बघणाऱ्याला ते कळणार नाही. फोटो बदलला आहे.

ॲल्युमिनियमची ताकद जाते म्हणता. ते उष्णता किती आणि किती वेळ यावर आहे. बाजूच्या धातूवर बोट ठेवता येईनासं झालं की थांबा, हे मी लिहिलंय. ब्लोटॉर्च नको, हेही लिहिलंय. आधीच्या मालकाने लाल लॉकटाइट, म्हणजे आटे घट्ट धरणारा डिंक, लावून ठेवलेलं निघालं तर गोष्ट वेगळी, त्याला सुमारे २५० अंश लागतात, तिथे हात आवरावा. निळं असेल तर चांगल्या पान्याने तसंही सुटतं.

आर्मररकडे पाठवा. कुठल्या आर्मररकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे? पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला हे लिहिणं सोपं आहे. रत्नागिरी, लांजा, सावंतवाडीच्या पालकाने पंधरा दिवस मुलीचा सराव थांबवून एका स्क्रूसाठी रायफल पाठवायची का? व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, ट्रिगर यांना मी स्वतः हात लावत नाही, दुसऱ्यांनाही लावू देत नाही. चीकपीसचा स्क्रू त्यांत येत नाही. बास.

बाकी इतर वाचकांनी विचारलेलं एक राहिलंय, त्याचं उत्तर इथेच देते. स्क्रूच्या डोक्यातली ॲलन कीची खाच गोल झाली असेल तर काय? आधी खाच सुईने कोरून साफ करा, कित्येकदा तळाशी घट्ट मळ असतो आणि की अर्धीच बसते. गोल टोकाची ॲलन की अशा कामाला वापरायची नाही, ती कडा खाते. एम-६ च्या कॅप स्क्रूला ५ मिमीची, सरळ टोकाची, चांगल्या पोलादाची घ्या. तरीही फिरली तर किंचित मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) बिट खाचेत हातोडीने ठोकून बसवा आणि त्याने फिरवा. तोही फिरला तर स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवावं लागतं. डोकं गेलं की ताण संपतो, चीकपीस वर उचलता येतो, आणि उरलेला दांडा बहुतेक वेळा पकडीने निघतो. पण ड्रिलपर्यंत वेळ आली तर बाकावर बसवलेलं ड्रिल मशीन असलेल्या टर्नरकडे नुसता स्टॉक घेऊन जा, हातातल्या ड्रिलने करू नका. बॅरल आणि ॲक्शन, म्हणजे छर्रा झाडणारी यंत्रणा, घरी ठेवा. नवीन स्क्रू बसवताना आट्यांना अँटी-सीझचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा, अगदी पातळ हात द्या, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तो सोडवून पुन्हा लावत जा.

नेमबाज पालक, तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमच्याकडे कुठला भाग अडकला असेल तर रायफलीचं मॉडेल आणि स्क्रूचा आकार लिहा, मला माहीत असेल ते सांगेन. पहिल्या वाक्यावर मात्र मी यापुढे काही बोलणार नाही.