मूठभर दाण्यांनी शुगरची गोळी सुटत नाही

लातूर-बीडपासून परभणी-हिंगोलीपर्यंत पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. रोज सकाळी भिजवलेले शेंगदाणे-बदाम खा, तीन महिन्यांत शुगरची गोळी सुटेल. कितीही खा, शुगर वाढत नाही. गुळाची चिक्कीही चालते. आणि शुगर उतरून घाम फुटला तर दाणे तोंडात टाका. या शेवटच्या सल्ल्याने माणूस दगावू शकतो, म्हणून आधी तोच घेतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन कापूस वेचायला गेलात, भाकर खायला उशीर झाला, हातपाय थरथरायला लागले, शुगर ७०च्या खाली गेली, तर लगेच रक्तात उतरेल अशी साखर लागते. दाण्यांत पिष्ट थोडं आणि तेल भरपूर असतं. तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं, आणि तेवढा वेळ त्या माणसाकडे नसतो. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी तपासा, शुगर अजून कमी असेल तर पुन्हा द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा. रानात जाताना खिशात साखरेची पुडी असू द्या. भाकर, दाणे सगळं त्यानंतर.

आता गोळी सुटण्याचं. दाणे शुगरवाल्यांना चांगलेच आहेत. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत कर्बोदकं जेमतेम ५ ग्रॅम, प्रथिनं साडेसात ग्रॅमच्या आसपास. ते खाऊन शुगर झपकन चढत नाही. टोरोंटोच्या संशोधकांनी २०११ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ११७ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज ७५ ग्रॅम मिश्र दाणे-सुकामेवा खाणाऱ्यांचं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) तीन महिन्यांत सुमारे ०.२ टक्क्यांनी उतरलं. पण हे लोक आपल्या गोळ्या घेतच होते, आणि दाणे त्यांनी पिष्टमय खाण्याच्या जागी खाल्ले होते. ज्याचं एचबीए१सी ९ आहे, त्याने ०.२च्या भरवशावर गोळी सोडणं म्हणजे डोळे, किडन्या आणि पाय पणाला लावणं. गोळी कमी करायची की नाही, हे रिपोर्ट पाहून डॉक्टरच ठरवतील.

त्या 'जागी' या शब्दावरच सगळं अवलंबून आहे. चारच्या चहाबरोबरची बिस्किटं, टोस्ट किंवा फरसाण बाजूला ठेवून मूठभर भाजलेले दाणे खाल्ले तर फायदा. तेच बिस्किटं खाऊन वर खाल्ले तर १०० ग्रॅममागे साडेपाचशेहून जास्त कॅलरी अंगावर चढतात आणि वजनाबरोबर शुगरही. म्हणून 'कितीही' चालत नाही. बदाम परवडत नाहीत म्हणून मन खट्टू करू नका, आपला भुईमूग या कामाला पुरेसा आहे. फक्त बीपी असेल तर खारे दाणे नकोत, आणि किडनीचा त्रास असेल तर किती खायचे ते आधी विचारा.

चिक्कीबद्दल फार बोलायला नको. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, तो शुगर वाढवतोच. उपवासाचंही तसंच: दाण्याच्या आमटीत कालवली म्हणून ताटभर भगर शुगरला मानवत नाही. भगर अर्धी करा, दाण्याची आमटी खुशाल घ्या.

हा मजकूर तुमच्याही ग्रुपवर आला असेल, तर त्याखाली निदान साखर-पाण्याचं तेवढं आजच लिहा.