प्याद्यांचं बुद्धिबळ एका रात्रीत ‘सुटत’ नाही

प्याद्यांच्या बुद्धिबळाबद्दल एक दावा सतत फिरत असतो. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे काढून ठेवा. दोन्ही बाजूंची आठ-आठ प्यादी नेहमीच्या जागी ठेवा. ज्याचं प्यादं आधी शेवटच्या ओळीत पोचेल किंवा जो समोरची सगळी प्यादी मारेल तो जिंकला. एवढ्याशा खेळात आहे काय, असं म्हणत दावा पुढे जातो: लॅपटॉपवर स्टॉकफिश हे बुद्धिबळ खेळणारं इंजिन रात्रभर सोडा, सगळ्या शक्यता तपासून होतात, खेळ ‘सुटतो’ (म्हणजे बिनचूक खेळात निकाल काय ते सिद्ध होतं), आणि पहिली चाल पांढऱ्याची असल्यामुळे पांढरा जिंकतो. मुलांना बुद्धिबळ शिकवताना आधी हाच खेळ देतात, म्हणूनही तो क्षुल्लक वाटत असावा. दाव्यातलं एकेक वाक्य घेऊ.

“पहिली चाल पांढऱ्याची, म्हणून जिंकणार पांढरा.”

मोकळ्या मैदानातल्या शर्यतीत हे खरं ठरलं असतं. पण प्यादी एकमेकांना अडवतात, आणि बुद्धिबळात चाल सोडून देता येत नाही. एकच उभी पट्टी घ्या: पांढरं प्यादं ए२ वर (ए पट्टीतलं दुसरं घर), काळं ए७ वर, आणि ज्याला चाल उरत नाही तो हरला असा नियम. पांढऱ्याने ए४ केलं की काळा ए५ करतो; पांढरा अडकला. पांढऱ्याने ए३ केलं तर काळा ए६, मग ए४, ए५, आणि पुन्हा अडकतो तो पांढराच. तिसरा पर्याय नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या हेक्सापॉनमध्ये, म्हणजे ३×३ च्या पटावर तीन-तीन प्यादी, बिनचूक खेळ झाला तर दुसरा खेळाडू जिंकतो. टी. आर. डॉसन यांनी १९३५ मध्ये तीन ओळींच्या पटावर, मारणं सक्तीचं ठेवून असाच खेळ रचला होता. त्यात शेवटची चाल करणारा जिंकतो असं धरलं, तर निकाल पट्ट्यांच्या संख्येवर ठरतो. रिचर्ड गाय आणि सेड्रिक स्मिथ यांनी १९५६ मध्ये दाखवलं की सुरुवातीचे काही अपवाद वगळता दर ३४ पट्ट्यांनी तोच क्रम पुन्हा येतो. ‘पहिला तो जिंकला’ इतकं सरळ यात कुठेच नाही.

“नियम काय, सगळ्यांना ठाऊकच आहेत.”

नाहीत. वरच्या उदाहरणात ‘चाल नाही म्हणजे बरोबरी’ असा नियम धरला की हरलेला डाव बरोबरीत सुटतो. देशी पद्धतीने खेळणारे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकवतात. तो वेगळाच खेळ झाला. एन पासाँ (दोन घरं सरकून शेजारी आलेलं प्यादं, ते एकच घर सरकलं असं धरून लगेच मारण्याचा नियम) आहे की नाही, हेही सांगावं लागतं.

एन पासाँची चूक तर नजरेतूनच निसटते. प्रोग्राम बरोबर चाली काढतो का, हे बघायला सुरुवातीपासून ठरावीक खोलीपर्यंतच्या, म्हणजे तितक्या चाली पुढपर्यंतच्या, सगळ्या चालींच्या मालिका मोजतात. एका चालीला १६, दोन चालींना २५६ आणि तीन चालींना ३,८४६ यायला हव्यात. तिसरा आकडा हातानेही पडताळता येतो: २५६ स्थितींत पांढऱ्याच्या सरासरी १५ चाली धरून ३,८४०, त्यातून ए४-ए५ अशा समोरासमोर अडलेल्या ८ जोड्यांची एकेक चाल वजा, आणि ए४-बी५ अशा तिरक्या १४ जोड्यांत मारण्याची एकेक चाल अधिक. एन पासाँ मात्र पाचव्या चालीआधी शक्यच नाही. म्हणजे तो नियम साफ विसरलेला प्रोग्रामही पहिले चार आकडे अचूक देतो. चारपर्यंत तपासून ‘टेस्ट पास’ म्हणणाऱ्यांनी पाचवा आकडा काढून बघावा.

“स्टॉकफिश रात्रभर सोडा.”

स्टॉकफिशला दोन्ही राजे लागतात. राजाविना स्थिती त्याच्या दृष्टीने वैधच नाही. निराळे नियम समजणारं फेअरी-स्टॉकफिश वापरलं तरी मिळतो तो अंदाजाचा आकडा. ‘खोली ४०, पांढरा +२’ याचा अर्थ पांढऱ्याची बाजू बरी दिसते. जिंकणं सिद्ध झालं असा नाही. शिवाय इंजिनांचा वेग छाटणीतून, म्हणजे काही शक्यता न तपासताच सोडून देण्यातून येतो. त्यातली नल-मूव्ह छाटणी असं गृहीत धरते की फुकट चाल मिळणं हा नेहमी फायदाच. प्याद्यांच्या खेळात तर पाऊल टाकावं लागणं हाच बहुतेकदा तोटा असतो. बुद्धिबळपटू त्याला झुगझ्वांग म्हणतात. म्हणून चाल करणाऱ्या बाजूकडे नुसती प्यादी उरली की स्टॉकफिश स्वतःच ही छाटणी थांबवतं. सिद्धतेच्या शोधात ती मुळातून काढायची, चालींची खोली अंदाजाने कमी करणंही बंद करायचं, आणि जिंकणं, हरणं, बरोबरी एवढीच तीन मूल्यं ठेवायची.

“सगळ्या स्थिती तपासून होतात.”

इथे दावा निम्मा बरोबर आहे, आणि उलट बाजूचे लोक गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचा ‘१ वर १२० शून्यं’ हा आकडा फेकतात तो निव्वळ गैरलागू. तो पूर्ण बुद्धिबळातल्या डावांचा अंदाज आहे, स्थितींचा नव्हे. प्यादं मागे येत नाही, त्यामुळे स्थिती पुन्हा येत नाही. प्रत्येक प्यादं शेवटच्या आधीच्या ओळीपर्यंत फार तर ५ पावलं टाकतं. १६ गुणिले ५ म्हणजे ८०, म्हणून ८१ व्या चालीपर्यंत डाव संपतोच. पुनरावृत्तीच्या बरोबरीमुळे चेकर्समध्ये (सोंगट्या तिरक्या सरकवण्याचा पटावरचा खेळ) जी डोकेदुखी होते ती इथे नाही.

आता मोजणी. ४८ घरांत जास्तीत जास्त आठ-आठ प्यादी कशीही मांडली तर सुमारे ५ वर १६ शून्यं इतक्या स्थिती होतात. एका स्थितीचा निकाल दोन बिटांत ठेवला तरी साधारण १२,००० टेराबाइट लागतील. पण ही मोजणी फसवी आहे. सोळाही प्यादी पटावर असतील तर कोणी काही मारलेलं नाही, म्हणजे प्रत्येक पट्टीत एक पांढरं खाली, एक काळं वर. सहा घरांत अशा मांडण्या १५; आठ पट्ट्यांसाठी १५ चा ८ वा घात, म्हणजे २,५६,२८,९०,६२५. एका बाजूच्या चालीसाठी जेमतेम ६४० मेगाबाइट.

शेवटच्या टोकालाही तसंच. तीन-तीन प्याद्यांच्या सुमारे २४.५ कोटी स्थिती ६१ मेगाबाइटमध्ये बसतात, चार-चारच्या सुमारे २,६४१ कोटी ६.६ गिगाबाइटमध्ये. पाच-पाचला मात्र ४१२ गिगाबाइट. खेळ मृदंगासारखा दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे फुगलेला आहे. म्हणून मागून चार-चारपर्यंतचे तक्ते, म्हणजे प्रत्येक स्थितीच्या निकालाची यादी, बांधायचे (चक्र नसल्यामुळे पुढे सरकलेल्या स्थिती आधी घेतल्या की एकाच फेरीत भरतात), पुढून अल्फा-बीटा किंवा प्रूफ-नंबर सर्च (निकालावर परिणाम न करणाऱ्या फांद्या टाळणाऱ्या शोधाच्या पद्धती) लावायचा, आणि मधल्या भागात फक्त सिद्धतेला लागतील त्याच स्थिती उघडायच्या. चेकर्स २००७ मध्ये असंच सुटलं: स्थिती ५ वर २० शून्यं, प्रत्यक्ष काम १ वर १४ शून्यांच्या घरातलं, आणि तरीही १८ वर्षं.

मधल्या भागात स्थिती लक्षात ठेवताना ६४ बिटांच्या हॅशवर (स्थितीवरून काढलेल्या छोट्या ओळख-आकड्यावर) विसंबणं धोक्याचं. तक्त्यात १०० कोटी नोंदी आणि १ वर ११ शून्यं इतक्या विचारणा झाल्या, तर पाचेक वेळा भलत्याच स्थितीचं उत्तर मिळण्याची अपेक्षा धरावी. इंजिनाला ते चालतं, सिद्धतेला नाही. ४८ घरांची तीन अवस्थांची नोंदच ७७ बिट मागते, तेव्हा ९६ किंवा १२८ बिटांत पूर्ण स्थिती, चाल कोणाची आणि एन पासाँची पट्टी ठेवावी. ती पट्टीही मारणं खरोखर शक्य असेल तेव्हाच नोंदवावी. नाहीतर एकच स्थिती दोनदा साठते.

“शेवटी ही शर्यत, पावलं मोजली की झालं.”

पावलं मोजण्याचा उपयोग मोठा आहे. ब्रेकथ्रू या प्याद्यांच्याच धाटणीच्या खेळाचा ६×५ पट २०११ मध्ये सुटला, तो शर्यतीचे नमुने ओळखून. पण नियम नेमका हवा. समोर आणि शेजारच्या पट्टीत शत्रूचं प्यादं नाही म्हणजे आपलं प्यादं सुटलं, असं लिहिणारे इथे फसतात:

पांढरी प्यादी ए४ आणि बी६, काळं सी७, चाल काळ्याची.

ए४ समोर ए आणि बी पट्टीत काळं काही नाही. पांढऱ्याला ४ पावलं, काळ्याला ५. प्रोग्राम पांढरा विजयी ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात काळा सीxबी६ मारतो आणि पट्टी बदलून ए५ वर डोळा ठेवतो. पांढऱ्याला ए५ हीच एक चाल, त्यावर बीxए५, डाव काळ्याचा.

उपाय असा: प्रत्येक काळ्या प्याद्याखाली दर ओळीला दोन्हीकडे एकेक घर रुंदावणारा शंकू धरायचा. आपल्या प्याद्यासमोरची तिन्ही पट्ट्यांची घरं त्या शंकूंना कुठेही शिवत नसतील तरच शर्यतीचा नियम लावायचा, नाहीतर शोध पुढे चालू ठेवायचा. आणि लावण्याआधी तो तीन-तीनच्या तक्त्यातल्या सगळ्या २४.५ कोटी स्थितींवर चालवून बघायचा. एका ठिकाणी जरी तक्ता वेगळं म्हणाला, तरी तो नियम वापरून काढलेलं उत्तर टाकून द्यायचं.