निगेटिव्ह रिकामी येते

काल दुपारी स्पेअर पार्टच्या दुकानातल्या पोऱ्याने माझ्या गाडीकडे बघून विचारलं, "काका, आधी टॅक्सी होती का ही?" माझी प्रीमियर पद्मिनी १९८५ ची, रंग क्रीम, आणि तिने आयुष्यात टेंभुर्णीच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही. पण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि तेव्हापासून जो तो मला सांत्वनाच्या सुरात गाठतो. असो.

दुखणं साधं होतं. बॅटरी नवी, सेल्फ (गाडी सुरू करणारी मोटर) नुकताच भरून आणलेला, तरी चावी फिरवली की गाडी नुसती कण्हायची. बॅटरीची वायर मात्र जुनी. टर्मिनलपाशी हिरवा-निळा थर, सोलून पाहिलं तर आतलं तांबं काळंठिक्कर. म्हणजे नवी वायर घ्यायची, दहा मिनिटांचं काम.

"हेवी देऊ का साधी?" दुकानदार.

"पंचवीस स्क्वेअर एमएम. तांब्याची."

"मग हेवी." असं म्हणून त्याने अंगठ्याएवढी जाड लाल केबल काऊंटरवर आपटली. मी टोकाला बघितलं. रबरच रबर, आणि मधोमध लाजून बसलेल्या चार तारा. पान्याने एक तार खरवडली तर आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्केच वीज वाहतं. हे बोलून दाखवल्यावर दुकानदाराचा चेहरा असा झाला, की मी त्याच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं.

इथे काकांचा प्रवेश. काका म्हणजे दुकानाचे कोणी नव्हेत. स्कूटरची बॅटरी चार्जिंगला टाकून, दुकानातली एकमेव खुर्ची आणि एकमेव पंखा ताब्यात घेऊन बसलेले सफारीतले गृहस्थ. बाहेर त्रेचाळीस डिग्री.

"कशाला वाद घालायलाय मालक? पॉझिटिव्हला जाड घ्या, निगेटिव्हला जुनीच राहू द्या."

मी म्हटलं, जेवढा करंट पॉझिटिव्हमधून जातो तेवढाच निगेटिव्हमधून परत येतो. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. घरचा मिक्सर ओढतो दोन-तीन. दहा स्क्वेअर एमएमची दोन मीटर वायर असली तर दीडशे अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जिरतो, पंचवीसची असली तर पाव व्होल्टसुद्धा नाही. आणि सेल्फ मारताना बॅटरीच दहा व्होल्टच्या आसपास येते, तिथे अर्धा म्हणजे चैन आहे का?

काकांनी शांतपणे ऐकलं. शिक्षक मूर्ख मुलाचं ऐकतो तसं नव्हे, कारण शिक्षक मधे चहा मागवत नाही.

"आषाढीला पंढरपूरची एसटी कशी जाते?"

"भरून."

"आणि येताना? रिकामी. निगेटिव्ह रिकामीच येते मालक. तिला कशाला जाड वायर?"

"अहो, गेलेली माणसं परत येणार नाहीत का? द्वादशीला भरूनच येते की!"

दुकानात हशा पिकला. माझ्यावर. गिऱ्हाईक, पोरगा, समोरचा पंक्चरवाला, सगळे काकांच्या बाजूला. एक जण म्हणाला, "खरंय, येताना जागा मिळते." कुठल्या वर्षी मिळते, हे विचारायला मी थांबलो नाही. सोलापूर-पंढरपूर एसटीत आम्ही दारात लटकून परत आलोय, काखेत प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पिशवी धरून, आणि ही मंडळी मला जागा मिळते म्हणतात! दुकानदार मात्र खूश, कारण लाल केबलची गोष्ट तेवढ्यात मागे पडली होती.

मग काका उठले. त्यांनी पाना उचलला, माझं बॉनेट उघडलं (विचारलं नाही) आणि थेट पॉझिटिव्हचा नट ढिला करायला लागले. "काका, आधी निगेटिव्ह सोडा, निगेटिव्ह!" मी ओरडेपर्यंत पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, आणि बॉडी तर निगेटिव्हलाच जोडलेली. फाट! निळी ठिणगी, पान्याला खाच, हवेत जळकट वास.

काका दोन पावलं मागे सरले, पाना बघितला आणि भक्तिभावाने म्हणाले, "बॅटरीत दम हाय की, मालक!"

म्हणजे दोष कुणाचा? वायरचा नव्हे, बॅटरीचा नव्हे, उरलो मी.

पैसे देऊन सुटावं म्हणून विचारलं, तर ती लाल केबल मी बघत होतो तेवढ्यात दुकानदाराने मापाने कापूनही ठेवली होती. "कापलेला माल परत घेत नाही." चारशे ऐंशी रुपये. शिवाय दिलेली दोन्ही टर्मिनलं निगेटिव्हची. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब थोडा जाड असतो, त्यावर ते बसेचना. "हातोडीने ठोका, बसतंय," पोऱ्याने सल्ला दिला. बॅटरी माझी, हातोडी त्याची.

शेवटी वेल्डिंगवाल्याकडून पस्तीस स्क्वेअर एमएमची केबल मीटरवर घेतली. बारीक तारांची, अस्सल तांब्याची. त्याने टोकांचे लग (वायर बसवायच्या धातूच्या टोप्या) हायड्रॉलिक प्रेसने दाबून दिले, एक शब्द न बोलता. दोन्हीकडे सारखीच जाडी. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. लाल केबल डिकीत पडून आहे. कपडे वाळत घालायला घ्यावी म्हटलं तर बायको म्हणते, त्याला ती फार जाड होईल.