‘नुसत्या प्रती’ या आक्षेपाबद्दल

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, तर उत्तरही सविस्तरच देते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : छापचित्रकार मैत्रिणीशी झालेल्या आणि मी लिहून काढलेल्या गप्पांत आम्ही ‘स्मृती’ आणि ‘ओळख’ हे शब्द नुसते मिरवले, बोललो मात्र प्लेट (ज्यावर चित्र कोरून छापतात तो धातूचा पत्रा), शाई आणि कागदाबद्दल. शिवाय छापचित्रासारख्या ज्या कलेत एका चित्राच्या पन्नास प्रती निघतात, तिथे कसली आलीय ओळख? छापचित्रकार झरीना हाश्मींचं नावही म्हणे ओढूनताणून आणलं.

पहिलं निम्मं मान्य. बोलताना मैत्रीण एका जागी चांगलीच उखडली होती. “प्रत्येक रेघेत माझं बालपण काय शोधतेस?” म्हणाली. लिहून काढताना ते मी गाळलं. भिडस्तपणा, दुसरं काय!

पण प्लेटबद्दल बोलत होतो तेव्हा विषय स्मृतीचाच होता. ड्रायपॉइंट या छापचित्राच्या पद्धतीत तांब्याच्या प्लेटवर सुईने ओरखडा काढला की कडेला धातूची बारीक कोर उभी राहते. शाई तिच्यात अडकते, म्हणून रेघ मखमली उठते. प्रेसखाली ही कोर दर छाप्याला थोडी चेपत जाते. पहिला आणि तिसावा छापा शेजारी ठेवून पाहा, ‘प्रत’ म्हणायला जीभ रेटणार नाही. चुकलेली रेघ खरवडा, घोटा, तरी तिची करडी सावली कुठेतरी उमटतेच. डच चित्रकार रेम्ब्रांने १६५३च्या ‘तीन क्रूस’ या छापचित्राची प्लेट पुढे अशीच खरवडली, कितीतरी माणसं अंधारात बुडवली. त्या छाप्यांतही जुन्या आकृत्यांच्या खुणा दिसतात.

आता झरीना. जन्म १९३७, अलीगढ. पुढे कुटुंब कराचीला गेलं. त्यांचं ‘डिव्हायडिंग लाइन’ (२००१) हे वुडकट, म्हणजे लाकडावर कोरून छापलेलं चित्र. त्यात फाळणीची सीमारेषा, बस्स. वुडकटमध्ये कोरलेला भाग कागदावर कोरा राहतो आणि न कोरलेला छापला जातो. म्हणजे ती काळी रेघ राखायची तर दोन्ही बाजूंची जमीन कोरून काढायला हवी. नकाशावर रेघ ओढायला पेन पुरतं. इथे हात दुखेपर्यंत आजूबाजूचं सगळं काढत बसावं लागतं. हे तंत्र बाजूला ठेवून त्या चित्रातल्या ओळखीबद्दल कसं बोलायचं, मला खरंच कळत नाही.

गाळलेला भाग घालू का, म्हणून मैत्रिणीला विचारलं. “घाल, पण चिडलेलीच ठेव,” म्हणाली. दोन दिवसांत जोडते.